सात खिळे, सात चिंध्या

२१ ऑगस्ट

प्रिय भोंग्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील, तर लगेच घाबरू नकोस. अप्पा ठणठणीत आहेत. एक्क्याऐंशीव्या वर्षी सकाळी दोन अंडी खातात आणि दिवसभर माझ्या कामात खोट काढतात. मीही धडधाकट आहे, तुझे भाऊजी अजून लोकांचे दात काढतायत, छप्पर गळत नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच, की आपल्या ट्युबाची, ढेरपोट्याची, तिसरी कळ अडकली आहे आणि पितळेच्या कामाला तुझ्यासारखा हात मला दुसरा माहीत नाही.

एवढं एक वाक्य लिहायला ताईला नऊ वर्षं लागली, असं म्हणशील. म्हण बापडा.

दुकान तसंच आहे. खिडकीशी माझं टेबल, क्लॅरिनेटचे पॅड, कॉर्कचे तुकडे, डोळ्यांना दिसणार नाहीत असले स्क्रू. आतल्या बाजूला तुझं टेबल. त्यावर मी काहीही ठेवत नाही. फक्त जुनी वर्तमानपत्रं, भाऊजींची छत्री, दोन कुंड्या आणि इस्त्रीला द्यायचे कपडे. तू गेल्यापासून पितळेचं काम मी जवळजवळ सोडलंच. ट्रंपेटचा पोचा काढून देते, सुटलेल्या जोडाला डाख देते, पण कळीच्या पिस्टनला हात लावत नाही. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा सांगते, भाऊ बाहेरगावी गेलाय, आला की करेल. नऊ वर्षं हेच सांगतेय. लोकही भले, मान डोलावतात.

झालं असं, की गेल्या महिन्यात अप्पांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कानांवर डबडी चढवून अर्धा तास शिट्ट्या वाजवल्या आणि सांगितलं, वरचे सूर गेलेत, खालचे मात्र शाबूत आहेत. म्हणजे माझं क्लॅरिनेट अप्पांना आता ऐकू येत नाही. मी वाजवून पाहिलं. ते कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "बोटं छान नाचतात गं तुझी." मला हसावं की रडावं कळेना. घरी परतताना निम्म्या रस्त्यात थांबले आणि म्हणाले, "खालचे सूर शाबूत आहेत म्हणाला ना तो? मग ढेरपोट्या ऐकू येईल मला."

नऊ वर्षं त्या ट्युबाचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. त्यांनीच तो पेटीत घालून माळ्यावर टाकला होता आणि त्यांनीच ताकीद दिली होती की याला कुणी हात लावायचा नाही. आता तेच स्टूल घेऊन माळ्याखाली उभे. मी अन् भाऊजींनी मिळून उतरवला. भाऊजींच्या पाठीत उसण भरली, ते सोड.

त्यात आपल्या गावच्या बँडला यंदा पंचाहत्तर वर्षं होतायत. बारा ऑक्टोबरला, रविवारी, बागेतल्या चौथऱ्यावर कार्यक्रम आहे. पोस्टमास्तर आता निवृत्त झालेत, पण फुंकर अजून दमदार आहे. ते तीच जुनी धून ढेरपोट्यावर वाजवायला तयार आहेत. तीच, शेवटी अगदी तळाच्या सुरावर जाऊन थांबणारी. अप्पांना तो एक सूर ऐकायचाय. आणखी किती दिवस ऐकू येईल हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. दर वर्षी अप्पांच्या वाढदिवसाला तुझं कार्ड येतं, त्यात माझा उल्लेख नसतो, तरी मी ते टाचणीने भिंतीला लावते. आता माझ्यासाठी फक्त कळीबद्दल लिही. पहिल्या दोन कुरकुरतात पण हलतात. तिसरी हूं की चूं करत नाही. काय करू?

तुझी,
ताई

३० ऑगस्ट

प्रिय भोंग्या,

कार्ड पोहोचलं. "तेल घाल. दोन दिवस थांब. हातोडी नको." सात शब्द. मोजले मी. मोजण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, हे तुला माहीत आहेच. पोस्टमास्तरांना दाखवलं तर म्हणाले, चाळीस वर्षांच्या नोकरीत कार्डावर एवढी जागा वाया घालवणारा माणूस पाहिला नाही.

तेल घातलं. दोन दिवस थांबले. हातोडी वापरली नाही. जी वापरली ती लाकडी होती, तिला मी हातोडी समजत नाही. कळ केसभर हलली. मी आनंदाने एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या शिंप्याने शटरवर थाप मारून विचारलं, काय लागलं का म्हणून.

तेल मुरेपर्यंत तिन्ही कळांची खालची टोपणं काढून ठेवली. अप्पांची ती पद्धत तिकडे पाळतोस का रे? वाद्य वाजतं होऊन ज्या दिवशी मालकाच्या हाती जातं, ती तारीख टोपणाच्या आत सुईने कोरायची, आणि शेजारी एक शब्द. ऐकणाऱ्याला कधी दिसायचा नाही, पुढच्या कारागिरालाच दिसेल असा. माझे शब्द नेहमी "सर्दी" नाहीतर "घाई". पहिल्या टोपणात काय निघालं माहीत आहे? तुझा जन्मदिवस. आणि पुढे अप्पांचं अक्षर: "मुलगा. आवाज मोठा." एका शब्दाचा नियम त्यांनी स्वतःच मोडलाय. तुला सगळं घर भोंग्या का म्हणतं, याचा पुरावा पितळेवर आहे, आता तक्रार करू नकोस.

दुसऱ्यात अप्पांचंच "कंबर", उचलताना धरली असणार. तिसऱ्यात तुझं अक्षर. नऊ वर्षांपूर्वीच्या बागेतल्या त्या कार्यक्रमाची तारीख, आणि "बसला".

लिहिणार नव्हते, पण टोपण समोर पडलंय आणि मला दुसरं काही सुचत नाहीये. सहा आठवडे तू त्या पिस्टनवर घालवलेस. पोस्टमास्तर उभे राहिले, धून अशी रंगली की अप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले. सगळे सूर लागले. शेवटच्या तळाच्या सुराला त्यांनी तिसरी कळ दाबली आणि ढेरपोट्यातून नुसतं "फुस्स" झालं. सगळी बाग हसली. आणि सगळ्यांच्या देखत मी उठून म्हणाले, "याने तिसरी कळ उलटी बसवलीय."

तू म्हणालास, "ताई, कळ बरोबर आहे. उघडून बघ."

आम्ही उघडलं नाही. अप्पांनी पेटीचं झाकण लावलं. घरी तू मला विचारलंस, "ताई, दुपारी तू ढेरपोट्या पुसलास ना, तेव्हा काही झालं का?" आणि मी भिंतीकडे बोट दाखवलं. सात खिळे, सात चिंध्या. आपल्याकडे पुसायच्या चिंध्या मोजून असतात, सातही खिळ्यावर परत आल्याशिवाय वाद्य दाराबाहेर जात नाही, आणि मी मोजून टांगल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

एक गोष्ट मात्र मला आज टोचली. स्वतः वाजवून खात्री केल्याशिवाय तू तारीख कधीच कोरत नाहीस. लहानपणी शिट्टी दुरुस्त केलीस तरी आधी घरभर वाजवायचास. मग इथे कशी कोरलीस?

असो. तेल मुरतंय.

ताई

९ सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

निघाला! पिस्टन निघाला! काल संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी, बूच उडावं तसा. बाहेर आला तो सगळा हिरवागार, बघवत नव्हता. त्याच्यामागची जी नळी आहे, तिसऱ्या कळीचा वळसा, तोही असाच चिकटून बसला होता. तिथे भाऊजी कामाला आले. म्हणाले, "दाढ समज. ओढायचं नाही, आधी हलवायचं." त्यांनी हलवला, मी ओढला, आणि दोघंही मागच्या कपड्यांवर जाऊन पडलो. मग त्यांनी आपला दातांचा आरसा आणला, तो काडीवरचा, नि त्याने वळशाच्या आत बघितलं.

आत थोडा कचरा होता. काढला.

वाद्यात काय काय सापडतं नाही? मागे एका सॅक्सोफोनच्या पोटात लोकरीचा मोजा निघाला. मालक म्हणाला, वर्षभर शोधतोय. एका शाळेच्या ट्रंपेटमध्ये पेन्सिल, आणि पेन्सिलीमागे खोडरबर, म्हणजे आधी पेन्सिल गेली आणि मग ती ढकलायला रबर. शिंपी विचारत होता, तू तिकडे काय काय करतोस. म्हटलं, मोठ्या वाद्यवृंदाची वाद्यं सांभाळतो. तो म्हणाला, म्हणजे मोठे लोक. म्हटलं, मोठे लोकही थुंकीच काढतात नळीतून. हवा बरी आहे. कुंडीला फूल आलंय.

पिस्टन पार्सलने पाठवतेय. घासून, निकेलचा मुलामा देऊन पुन्हा घास. मला ठाऊक आहे, शेवटची घासणी त्याच्या स्वतःच्या घरात घालूनच करावी लागते, दुसऱ्या कुठल्या कळीत ती होत नाही. पण ढेरपोट्याला पोस्टाने पाठवायचं तर पोस्टमास्तरच आडवे येतील. जमेल तेवढं तू कर, उरलेलं मी इथे रेटते. टोपणाचे आटे गेलेत, तेही सोबत ठेवलंय.

आता थांबते, दूध उतू जातंय.

ताई

१० सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

दूध उतू जात नव्हतं. घरात दूधच नव्हतं.

वळशातून निघाला तो कचरा नव्हता. चिंधी होती. अर्धी. धुतल्यावर पिवळे ठिपके दिसले. आईने एकाच कापडातून मला फ्रॉक आणि तुला सदरा शिवला होता, आठवतो? सगळे आपल्याला पडदे म्हणायचे. तर खरं तेच सांगते. ठिपके दिसल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ही तुझ्या सदऱ्याची असेल. देव करो आणि असो. मग मी ती उलटी केली. कडेला लेस होती. तुझ्या सदऱ्याला लेस नव्हती.

त्या दुपारी तू काम संपवून, वाजवून, टोपणात तारीख कोरून आंघोळीला गेलास. ढेरपोट्या लखलखत होता. त्याला हात लावायचं काहीही कारण नव्हतं. पण तू माझा स्वभाव जाणतोस, दुसऱ्याने पुसलेलं मला पुसलेलं वाटत नाही. तिसरा वळसा काढला, दोरीला चिंधी बांधून आतून ओढली. बाहेर ढेरपोट्याला बागेत न्यायला आलेला गाडीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. चिंधी अडली, मी हिसका दिला, ती आली. वळसा लावला, सगळ्या चिंध्या धुऊन खिळ्यांना टांगल्या आणि मोजल्या. सात. मोजण्यात माझी चूक नव्हती रे. फक्त त्यातली एक अर्धीच होती. उरलेली अर्धी ढेरपोट्याच्या तिसऱ्या वळशात बसून कार्यक्रमाला आली.

बाकीच्या सुरांना हवा त्या वळशात जातच नाही. म्हणून सगळं ठीक वाजलं. तिसरी कळ दाबली आणि हवा गेली ती सरळ माझ्या फ्रॉकवर आपटली.

आणि दुसरी अर्धी? ती पाचव्या खिळ्यावर आहे. नऊ वर्षं मी तिने क्लॅरिनेटं पुसतेय. ही इतकी आखूड का, असा प्रश्न एकदाही पडला नाही. आज दोन्ही तुकडे टेबलावर जुळवले. धागा धाग्याला लागला.

तेव्हा नीट लिहिते, म्हणजे तुला पुन्हा वाचता येईल. कळ बरोबर होती. तू बरोबर होतास. चूक माझी होती, आणि ती तुझ्या माथी मारून मी नऊ वर्षं सुखाने झोपले. मला फार लाज वाटते. तू म्हणाला होतास, उघडून बघ. मी फक्त उघडून बघायचं होतं.

पण भोंग्या, दुसरंही सांगते, आणि हे सांगताना मी हसतेय, यावर विश्वास ठेव. मला आनंद झालाय. टोपण उघडल्यापासून मला खात होतं की माझ्या भावाने एकदा तरी न वाजवता तारीख कोरली. तू नाही कोरलीस! हे कळल्यापासून मी दुकानात वेड्यासारखी फिरतेय.

वळशातली अर्धी चिंधी या पाकिटात घालतेय. तिला तेलाचा वास येईल. तिचं काय करायचं ते कर, फेकून दिलीस तरी चालेल.

मी ते चारचौघांत बोलले होते. मागेही चारचौघांतच घेणार. पण आधी अप्पा.

तुझी,
ताई

२२ सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

तुझं कार्ड नाही. मी रोज पोस्टात जाते. खिडकीवरची बाई मला बघूनच मान हलवायला लागलीय. मी काही म्हणत नाही. नऊ वर्षांपुढे बारा दिवस म्हणजे काय. पण इकडे जे झालं ते तुला कळायलाच हवं.

अप्पांना सांगायला मी रविवार निवडला. खाणं-पिणं झालं होतं, मूड बरा होता. मी समोर बसले आणि सुरुवात केली. ते प्रेमाने बघत राहिले. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, माझा आवाज उंच. त्यांना शब्दही पोचत नव्हता. मी ओरडले तर आवाज आणखी वर गेला. शेवटी भाऊजींना बोलावलं. तुला माहीत आहे त्यांचा आवाज, विहिरीतून आल्यासारखा. मग मी एक वाक्य बोलायचं आणि ते त्यांनी खालच्या सुरात पुन्हा सांगायचं, अशी माझी कबुली झाली.

"ती म्हणतेय, चूक तिची होती."

"कुणाची?"

"हिची."

"कशात?"

"ढेरपोट्यात. हिचा फ्रॉक होता."

"फ्रॉक?" अप्पा माझ्याकडे बघायला लागले. "हिचा फ्रॉक ढेरपोट्यात कसा जाईल? तेव्हा ही चांगली पस्तीस वर्षांची घोडी होती."

मग मी पाचव्या खिळ्यावरची अर्धी चिंधी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. आपल्या बापाला कापड काय, कॉर्क काय, अंगठ्याने सगळं कळतं. मी म्हटलं, आता बोलणार. बोलले, पण मला नाही.

"पोरगा म्हणाला होता, उघडून बघा. आणि मी कारागीर म्हणवतो स्वतःला. पेटीला कडी लावली! लोक हसले म्हणून. लोक काय, लोक कशालाही हसतात." मग भाऊजींना म्हणाले, "हिला सांगा, त्याला पत्र लिही. लिही म्हणावं, अप्पा म्हणतात, तू बरोबर होतास."

माझ्या कानांना काही झालेलं नाही, तरी भाऊजींनी तेही मला मोठ्याने सांगितलं.

तर लिहितेय. अप्पा म्हणतात, तू बरोबर होतास.

त्यानंतर ते उठले आणि तुझ्या टेबलाकडे गेले. छत्री काढली. वर्तमानपत्रं काढली. कुंड्या मी उचलायला गेले तर हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं, तेलाने पुसलेलं. इस्त्रीचे कपडे आता माझ्या खुर्चीवर आहेत आणि मी उभ्याने काम करते.

शनिवारी बँडची तालीम होती. सगळे जमल्यावर मी खुर्चीवर चढले. म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वी बागेत जो फुस्स झाला, तो माझा होता." आता हे वाक्य मी आधी मनात म्हणून पाहायला हवं होतं. झांजवाल्याच्या हातून झांज पडली आणि जे हसणं सुटलं ते आवरेना. हसणं संपल्यावर मी सगळं सांगितलं. वळसा, चिंधी, खिळे. म्हटलं, माझ्या भावाची कळ बरोबर होती, मी तुम्हा सगळ्यांसमोर त्याच्यावर आळ घेतला होता, तो तुम्हा सगळ्यांसमोर परत घेते.

पोस्टमास्तर लालबुंद होऊन उठले. मी म्हटलं, आता खैर नाही. ते म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं बायको मला ऐकवतेय की तुमचीच फुंकर कमी पडली, ते सगळं मी फुकट ऐकून घेतलं? बाई, तुम्ही आधी माझ्या घरी चला आणि तिथे एकदा खुर्चीवर चढा." गेले. चढले. त्यांच्या बायकोने मला खाऊ घातलं, आणि त्यांना म्हणाली, "तरी फुंकर कमीच होती."

बँडमास्तर तेवढे काळजीत आहेत. कार्यक्रमपत्रिका छापायची आहे आणि विचारत होते, ढेरपोट्याचा पिस्टन वेळेवर येणार का, का दुसरी धून घेऊ? मी म्हटलं, येणार. त्यांनी विचारलं, भावाने तसं कळवलंय का? मी म्हटलं, नाही. पण छापा.

खोटं नाही बोलले. नाही कळवलंयस, हे खरं आहे. येणार, हेही मला खरं व्हायला हवंय. रागावला असशील तर रागाव, तो तुझा हक्क आहे, माझ्याशी आणखी नऊ वर्षं बोलू नकोस. पण पिस्टन पाठव. अप्पा रोज संध्याकाळी ढेरपोट्याच्या भोंग्यात डोकं घालून "हं" म्हणतात आणि आपलाच आवाज ऐकून खूश होतात.

वाट बघणारी,
ताई

८ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या भोंग्या,

आज सकाळी पार्सल आलं. खिडकीवरच्या बाईने ते हातात धरून रस्त्यापर्यंत येऊन दिलं. खिडकीतूनच देता आलं असतं, पण तिलाही राहवलं नाही.

मी तिथे उघडलं नाही. पळत दुकानात आले. अप्पा तुझ्या टेबलाशी बसले होते, हल्ली तिथेच बसतात. भाऊजी एका पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून पलीकडच्या दवाखान्यातून मधल्या दाराने आले. डबा, डब्यात भुसा, भुशात मऊ कापड. चिठ्ठी शोधली. भुसा सगळा जमिनीवर ओतून शोधली. चिठ्ठी नव्हती. खरं सांगते, माझा चेहरा पडला. म्हटलं, काम केलंय, पण बोलायचं नाहीये त्याला.

मग अप्पांनी कापड सोडलं. काय पिस्टन केलायस रे! त्यात भाऊजींना आपला टकलाचा भाग दिसला. अप्पांनी अंगठा फिरवला, उजेडाकडे धरला, पुन्हा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं." हे शब्द मी त्यांच्या तोंडून चव्वेचाळीस वर्षांत ऐकले नव्हते, माझ्याबद्दल तर सोडच. पण घरात घालून पाहिला तेव्हा तो पाऊण गेला आणि थांबला. शेवटची घासणी तू बाकी ठेवलीस. मी म्हटलं, बघा, उरलेलं मला रेटायला ठेवलंय. आता चार दिवसांत माझ्या या लाकूडहाताने ते कसं व्हायचं?

अप्पांनी मग टोपण उचललं. नवे आटे पाडलेयस. त्यांनी भिंग घेतलं, आत बघितलं, आणि ते माझ्या हातात दिलं. तुझ्या जुन्या "बसला"च्या खाली, नवीन, स्वच्छ अक्षर. १२ ऑक्टोबर.

मी म्हटलं, "चुकलाय. आज आठ तारीख. आणि काम तर अर्धंच..."

भाऊजी ते अप्पांना खालच्या सुरात सांगायला लागले. अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना ऐकायची गरज नव्हती. म्हणाले, "चुकलेला नाही. तो न वाजवता तारीख कोरत नाही."

मी पुन्हा टोपणात बघितलं. तारखेपुढे एक शब्द होता. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी असल्यामुळे दिसला नव्हता, असं मी सगळ्यांना सांगतेय. खरं म्हणजे भिंग उलटं धरलं होतं. "ताईसमोर."

भोंग्या, मग मी काय केलं ते लिहीत नाही. शिंप्याने शटर वाजवलं, एवढंच सांगते. भाऊजींच्या पेशंटने तोंड उघडं ठेवून मधल्या दारातून डोकावून पाहिलं. अप्पा दोनदा "मुलगा, आवाज मोठा" म्हणाले आणि हसत सुटले. बँडमास्तरांकडे मी स्वतः धावत गेले. त्यांनी विचारलं, भावाने कळवलं का? मी टोपण दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण छापलेल्या पत्रिकांकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला.

तू शनिवारी येतोस की रविवारी सकाळी, ते कोरायला बहुतेक जागा नव्हती. शुक्रवारपासून दार उघडंच राहील. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, ते तिकडे पोचेपर्यंत तू निघालेला असशील. तुझ्या टेबलावर ठेवतेय, पिस्टनखाली. तुझी घासायची पूड, तेलाची बाटली, कमी उंचीचं स्टूल, सगळं जिथल्या तिथे आहे. तू घास, मी समोर बसते. मध्ये बोलणार नाही. बरं, कमी बोलेन.

सात नव्या चिंध्या फाडल्यात, लेस नसलेल्या, सगळ्या अख्ख्या. खिळ्यांना टांगून ठेवल्यात. रविवारी ढेरपोट्या दाराबाहेर निघण्याआधी, या खेपेला तू मोज.

तुझी,
ताई